मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, शिकणारी पोरं आणि 'रिसर्चचा फॉर्म': लोक मला सारखे विचारतात ते प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. परळला शाळेत मराठी शिकवायचे, रिटायर झाले, आणि आता मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे पेशंटवरच्या रिसर्चला परवानगी द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या कमिटीवर, 'लेपर्सन' म्हणून बसते, म्हणजे डॉक्टर नसलेला, तुमच्या-आमच्यातला मेंबर. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. पण मी तिथे जाते हे कळल्यापासून बिल्डिंगमधले, भिशीतल्या बायका, जुने विद्यार्थी, सगळे तेच तेच प्रश्न पाठवतात, कधी फॉर्मचा फोटो काढून, कधी पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज करून. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. कुठलं औषध घ्यायचं ते मात्र मला विचारू नका.

१. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल म्हणजे वेगळं काय असतं? मला तर केईएम, नायर ही हॉस्पिटलंच माहितीयेत.

बरोबर, आपण हॉस्पिटलच्या नावानेच ओळखतो, पण त्याच आवारात कॉलेज असतं. जेजेला ग्रँट मेडिकल कॉलेज, १८४५ चं. नायरला टोपीवाला नॅशनल, १९२१ चं, असहकाराच्या चळवळीतून निघालेलं, 'नॅशनल' शब्द तिथूनच आला. केईएमला शेठ जी. एस., १९२६. सायनला लोकमान्य टिळक, १९६४. आणि या पाचांत सगळ्यात नवं जुहूच्या कूपरचं, २०१५ चं. जेजे राज्य सरकारचं, बाकीची चार महापालिकेची, आणि परीक्षा-डिग्री सगळ्यांची नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची.

फरक असा की इथे एकाच खाटेपाशी तीन कामं चालतात: तुमच्यावर उपचार, मुलांचं शिक्षण आणि रिसर्च. समोरचा माणूस आत्ता या तिघांपैकी कुठल्या कामाला आलाय हे कळलं की अर्धी भीती जाते. आणि ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

२. पांढऱ्या कोटातले सगळेच डॉक्टर का? आणि गेल्या वेळचे डॉक्टर या वेळी का दिसत नाहीत?

सगळे नाहीत. एमबीबीएस साडेचार वर्षांचं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. साडेचार वर्षांतली मुलं म्हणजे विद्यार्थी, ती तुम्हाला तपासू शकतात पण औषध लिहून देऊ शकत नाहीत. इंटर्न पास झालेला असतो, रक्त काढणं, सलाईन लावणं, ड्रेसिंग ही कामं करतो, पण कुणाच्या तरी देखरेखीखाली. त्याच्यावर रेसिडेंट, म्हणजे एमबीबीएस होऊन एमडी किंवा एमएस करणारे, तीन वर्षांचे, पहिल्या वर्षाचा तो जेआर (ज्युनियर रेसिडेंट) वन. ज्याचे डोळे सगळ्यात लाल आणि खिशात बिस्किटाचा पुडा तो बहुतेक जेआर वन. मग असिस्टंट, असोसिएट, प्रोफेसर. राऊंडला जे सगळ्यांच्या पुढे चालतात आणि कमी बोलतात ते युनिटचे सर किंवा मॅडम.

डॉक्टर बदलतात कारण पोस्टिंग बदलतात. शिवाय २०२१ च्या बॅचपासून प्रत्येक पीजीला, म्हणजे एमडी-एमएस करणाऱ्याला, तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी हॉस्पिटलात जावं लागतं. माणूस बदलतो, युनिट बदलत नाही. तुमच्या केसपेपरवर युनिट आणि ओपीडीचा वार असतो तो धरून ठेवा, भलत्या वारी गेलात तर परत पहिल्यापासून सगळं सांगत बसाल. आणि जुने पेपर फाडू नका हो, पिशवीत तळाला चुरगळून ठेवू नका. नवा डॉक्टर तुम्हाला ओळखतो तो त्या कागदावरूनच.

३. आठ-दहा मुलं खाटेभोवती उभी राहिली, प्रत्येकाने पोट दाबून बघितलं. नाही म्हटलं तर ट्रीटमेंट बंद करतील का?

नाही. सरळ नाही म्हणा. "आत्ता दुखतंय, नंतर या", "दोघांनीच बघा", "मुलीच असतील तर चालेल", यातलं काहीही चालतं. उपचार तुमच्या हो-नाहीवर अवलंबून नसतात. आणि बाईपेशंटला पुरुष डॉक्टर किंवा विद्यार्थी तपासत असेल तर सिस्टर किंवा दुसरी बाई तिथे हवीच, तिला बोलवा म्हणायला लाजू नका.

आता दुसरी बाजू पण सांगते. फुगलेलं लिव्हर हाताला कसं लागतं हे पुस्तकात लिहून कळत नाही. एकदा वॉर्डात बघितलं, आमच्याच भागातले एक गिरणी कामगार आजोबा, दमा, आणि समोर थर्ड इयरची मुलगी, स्टेथोस्कोप लावून गोंधळलेली. आजोबा तिला म्हणाले, तिथे नाही गं, मागे लाव, सगळे मागेच ऐकतात. तिने मागे लावला आणि तिचा चेहरा असा उजळला! आजोबा मग दिवसभर शेजारच्या खाटेला सांगत होते की मी आज एक डॉक्टर बनवला. तेव्हा जमत असेल तर हो म्हणा. पण मुलांनी आधी विचारलं पाहिजे, हे त्यांना शिकवलेलं असतं, २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पेशंटशी बोलायचं कसं यावर वेगळे तासच आहेत.

४. त्या मुलांना मराठी येत नाही, मग आईचं दुखणं त्यांना कळणार कसं?

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा थोडं लांबेल.

सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजांत १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या, ८५ टक्के राज्याच्या. म्हणजे केरळची, राजस्थानची मुलं येणारच, आणि पीजीला तर ऑल इंडिया जागा अजून जास्त. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा शिकवतात, पण चार दिवसांत "दुखतंय का", "श्वास घ्या", "सोडा" एवढंच येतं. त्यात अहो-जाहो येत नाही. सत्तरीच्या माणसाला "श्वास घे, सोड" म्हटलं की तो श्वास सोडायच्या आधी तोंडच फिरवतो.

पण खरी अडचण तू-तुम्हीची नाहीये. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत बघा: ठणकतं, चमकतं, कळ येते, रग लागते, मुरडा येतो, सलतं, जळजळतं, मुंग्या येतात, गच्च होतं. दाढ ठणकते, कंबरेत चमक भरते, पोटात कळ येते. केसपेपरवर हे सगळं 'पेन' होऊन जातं. आणि डॉक्टरला नेमका तोच फरक हवा असतो, छातीत 'चमकतंय' आणि 'छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं' या दोन फार वेगळ्या तक्रारी आहेत.

तेव्हा आईबरोबर जाणार असाल तर तिचा शब्द बदलू नका. आपल्याला वाटतं डॉक्टरांना चांगल्या भाषेत सांगावं, म्हणून आपण "तिला पेन होतंय" म्हणतो. तसं करू नका. तिचा शब्द तसाच सांगा आणि मग हाताने दाखवा, बोट कुठे, मूठ कुठे. आणि भाषा अगदीच जुळत नसेल तर सिस्टरला बोलवा, नाहीतर मावशी-मामांना. वॉर्डातल्या मावशींनी किती निदानं वाचवली असतील त्याची कुठे नोंद नाही.

५. मुलीला मेडिकलला घालायचंय. मराठीतून होतं का? मार्क किती लागतात?

इथे शिकवणं इंग्रजीतूनच आहे. प्रवेश नीटवर, ७२० पैकी मार्क, राज्याच्या जागा सीईटी सेल भरतं. कटऑफ दर वर्षी बदलतो, तो त्या वर्षीच्या यादीतच बघा, मला विचारू नका. मराठी शाळेतली मुलं मागे पडतात का? पहिले सहा महिने, ॲनाटॉमीची नावं पाठ होईपर्यंत, हो. नंतर वॉर्डात उतरल्यावर तीच पुढे असतात, का ते चौथ्या प्रश्नात आलंय.

६. वस्तीत मुलं-मुली घरोघरी येऊन बीपी घेतात, वजन करतात, घरातल्यांची माहिती लिहितात. खरी कॉलेजची की फसवणूक?

बहुतेक खरी. २०२१-२२ च्या बॅचपासून एमबीबीएसच्या मुलांना पहिल्या वर्षीच काही कुटुंबं 'दत्तक' दिली जातात, पुढची वर्षं त्याच घरांकडे लक्ष ठेवायचं. शिवाय कम्युनिटी मेडिसिनचं डिपार्टमेंट, ज्याला सगळे अजून पीएसएमच म्हणतात, ते आधीपासून वस्त्यांत आहेच: सायनचं धारावीतलं केंद्र, ज्याला तिथले लोक 'छोटा सायन' म्हणतात, केईएमचं मालवणीचं केंद्र.

ओळखपत्र बघा, कुठलं केंद्र विचारा, आणि आधार नंबर, बँक, ओटीपी यातलं काहीही मागितलं तर दार लावा. बीपी मोजायला ओटीपी लागत नाही.

आणि हो, ही मुलं माहिती लिहितात ती शिक्षणासाठी. तीच माहिती रिसर्चला वापरायची असेल तर वेगळी परवानगी लागते, त्यासाठी ७ पासून पुढे वाचा.

७. रिसर्च म्हणजे आम्हा गरिबांवर प्रयोगच ना? खरं सांगा.

खरं सांगते. भीती उगाच नाहीये.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला. हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या जागेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी लोकांना माहीत असतं: त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि मग कैद्यांवर लस वापरून बघितली, काहींना टोचली, काहींना नाही. तयार झालेल्यांनाच टोचली असं सांगतात. पण तुरुंगातला माणूस 'तयार आहे' म्हणतो म्हणजे नक्की काय? आज हाच प्रस्ताव आमच्या कमिटीपुढे आला तर पहिला प्रश्न तोच येईल, कारण आजच्या नियमात कैदी म्हणजे सहज दबावाखाली येणारा माणूस, त्याच्यासाठी जास्तीचं संरक्षण लागतं. लस उपयोगी होती हे खरंच, आणि प्रश्नही खराच.

अलीकडचं म्हणाल तर औषधांच्या चाचण्यांतले मृत्यू आणि फसव्या संमतीवरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०१३ च्या सुमारास नियम आवळले गेले आणि २०१९ ला औषध चाचण्यांचे नवे नियम आले. आज जे कागद पुढे येतात ते या सगळ्यातून आलेत.

पण हेही लक्षात घ्या की कॉलेजात चालणारा बराचसा रिसर्च म्हणजे नवीन औषध नसतंच. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला थिसिस लिहावा लागतो. तो जेआर तुम्हाला चाळीस प्रश्न विचारतो, साखर किती, झोप किती, कोण सांभाळतं, आणि लिहून नेतो, तोही रिसर्चच. तिथे धोका म्हणजे तुमची वीस मिनिटं आणि तुमची खाजगी माहिती.

८. अशा रिसर्चमधून आपल्याला काय मिळालं? मुंबईतलं एक उदाहरण द्या.

एकच देते, बॉम्बे ब्लड ग्रुप. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांना असे लोक सापडले ज्यांचं रक्त नेहमीच्या तपासणीत 'ओ' दिसायचं पण 'ओ' रक्त त्यांना जुळतच नव्हतं. कारण 'ओ' वाल्यांच्या रक्तपेशींवर 'एच' नावाचा पदार्थ असतो आणि यांच्या पेशींवर तोही नाही, उलट त्यांच्या रक्तात त्याच्याशी लढणारी अँटिबॉडी असते. साधं 'ओ' चढवलं तर जीवावर बेतेल. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक असा माणूस असतो म्हणतात. रक्त का जुळत नाही याचा पिच्छा कुणीतरी पुरवला म्हणून हे कळलं. आज रक्तावरच काम करणारी आयसीएमआरची (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था केईएमच्याच आवारात आहे.

केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्टट्यूब बेबी जन्मली, ते तुम्हाला माहीत असेलच.

९. एथिक्स कमिटी नक्की करते काय? डॉक्टरच डॉक्टरांना परवानगी देणार, मग काय उपयोग?

म्हणूनच सगळे डॉक्टर नसतात. औषध चाचण्यांच्या नियमाप्रमाणे कमीत कमी सात मेंबर, निदान निम्मे त्या संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच. एक कायद्याचा माणूस, निदान एक बाई, एक लेपर्सन. माझं काम काय, तर पेशंटची संमती घ्यायचा फॉर्म वाचणे आणि "हे मला कळलं नाही" म्हणणे. सोपं वाटतं ना? समोर सगळे प्रोफेसर बसलेत आणि आपण म्हणायचं की तुमचं हे वाक्य मला कळलं नाही, पहिल्या मीटिंगला माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता.

आणि त्याचा एक फटकाही बसलाय. एका फॉर्ममध्ये दोन गट होते, एकाला नवीन व्यायाम, दुसऱ्याला नेहमीचा. दुसऱ्याला लिहिलं होतं 'नियंत्रण गट'. मीही वाचलं, शब्द शुद्ध आहे, पुढे जाऊ दिलं. महिन्याभराने कळलं की एक बाई सही करायला तयारच नव्हत्या, नवऱ्याला म्हणाल्या, नियंत्रणात टाकतायत, ऑपरेशन करतील. कुटुंब नियंत्रण! तिच्या आयुष्यात 'नियंत्रण' शब्द एवढ्याच अर्थाने आला होता. चूक माझी होती, मी तीस वर्षं शुद्धलेखन तपासलेली बाई, शब्द बरोबर आहे का ते बघितलं, कुणापर्यंत पोचतोय ते नाही बघितलं.

तेव्हापासून फॉर्म आला की आधी आमच्या मजल्यावरच्या ताईंना नमुन्याची दोन-चार वाक्यं वाचून दाखवते, ना औषधाचं नाव ना कॉलेजचं. 'यादृच्छिक पद्धतीने' ला ताई म्हणाल्या, काय, इच्छेप्रमाणे का? झालं, बरोबर उलटा अर्थ. आता आम्ही लिहायला लावतो, 'चिठ्ठी टाकल्यासारखं, कुठला गट ते तुमच्या किंवा डॉक्टरांच्या हातात नाही'. '१० मिली रक्त' च्या पुढे 'साधारण दोन छोटे चमचे'. 'अन्वेषक' काढून 'हा अभ्यास करणारे डॉक्टर'.

१०. फॉर्म पुढे आला. सही करायच्या आधी काय बघायचं?

घरी न्या. "आत्ताच करा" म्हणत असतील आणि इमर्जन्सी नसेल तर तिथेच थांबा. घरी कुणालातरी मोठ्याने वाचायला लावा. मग स्वतःला विचारा: हे माझ्या उपचाराचा भाग आहे की वेगळं? मी नाही म्हटलं तर मला कुठला उपचार मिळणार? जास्तीच्या फेऱ्या किती, रक्त किती वेळा? खर्च कोण करणार? (रिसर्चसाठीच्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात.) काही झालं तर रात्री फोन कुणाला?

शेवटच्या पानांवर दोन फोन नंबर असतात, एक डॉक्टरांचा, एक एथिक्स कमिटीचा. दुसरा नंबर लोक बघतच नाहीत. तो तुमच्याचसाठी आहे. आणि फॉर्मची एक प्रत तुमची, मागून घ्या, ती पण केसपेपरच्या पिशवीत.

११. मला खरं औषध मिळालं की खोटी गोळी हे डॉक्टरांनाच माहीत नाही म्हणे! ही फसवणूक नाही का?

आधी सांगून केलं तर फसवणूक नाही. खोट्या गोळीला प्लासिबो म्हणतात, आणि कुणाला काय ते पेशंट-डॉक्टर दोघांनाही माहीत नसतं कारण माहीत असलं की बरं वाटायला लागतं, डॉक्टरलाही पेशंट सुधारलेला दिसायला लागतो. आपल्या आजीने कपाळावर हात ठेवला की डोकं थांबायचं, तसंच. जिवाला धोका झाला तर कोड फोडून, म्हणजे कुणाला काय दिलंय ती गुप्त नोंद उघडून, लगेच बघता येतं.

हे करायची गरज काय ते कोविडमध्ये दिसलं, तिथे खोटी गोळी नव्हती पण चिठ्ठी टाकून केलेले दोन गट होते. आठवतंय, कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी लोक वणवण फिरत होते, व्हॉट्सॲपवर रात्री-बेरात्री मेसेज, नातेवाईक हजारो रुपये मोजायला तयार. आयसीएमआरने ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर अभ्यास केला, अर्ध्यांना प्लाझ्मा आणि नेहमीचे उपचार, अर्ध्यांना नुसते नेहमीचे उपचार. २०२० च्या ऑक्टोबरात निकाल छापून आला: आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, यात काही फरक नाही. दुसरा गट नसता तर जे वाचले ते सगळे प्लाझ्माने वाचले असंच आपण आजही म्हणत बसलो असतो.

मात्र जिथे चांगलं औषध आधीच आहे तिथे ते काढून घेऊन नुसती खोटी गोळी द्यायची असा प्रस्ताव आला तर कमिटी सहसा सोडत नाही.

१२. पैसे मिळतात का? फुकट औषध मिळतं म्हणून जाऊ का?

येण्याजाण्याचा खर्च, बुडालेला रोज, हे मिळू शकतं, फॉर्ममध्ये आकडा लिहिलेला असतो. एवढा मोठा आकडा ठेवायचा नाही की माणूस धोका न बघता सही करेल.

फुकट औषधासाठी जाऊ नका. चाचणीतलं औषध उपयोगी आहे की नाही हेच अजून माहीत नसतं, म्हणून तर चाचणी आहे. आणि चाचणी संपल्यावर औषध चालू राहील का, हे सहीच्या आधी विचारा, नंतर नाही.

१३. चाचणीत असताना काही बिघडलं तर?

फॉर्मवरच्या नंबरवर लगेच फोन. औषध चाचणीत पेशंटला इजा झाली तर उपचार मोफत व्हायला हवेत, आणि इजा चाचणीमुळे झाली असं ठरलं तर नुकसानभरपाई, मृत्यू झाला तर वारसांना. गंभीर घटना डॉक्टरांनी २४ तासांत कळवायची असते. दुसऱ्या हॉस्पिटलात भरती करायची वेळ आली तर तिथे पहिल्यांदा सांगा की मी चाचणीत आहे, फॉर्म दाखवा. लोक हे लपवतात, का ते मला कधी कळलेलं नाही.

१४. मध्येच सोडायचं असेल तर? डॉक्टर रागावतील.

रागावू देत. कधीही सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही, नेहमीचे उपचार चालू राहतात. फक्त न सांगता गोळ्या बंद करून गायब होऊ नका, काही औषधं अचानक थांबवली की त्रास होतो. तोपर्यंत गोळा झालेली माहिती ते ठेवतील का, हे फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं.

१५. सही घेताना व्हिडिओ काढला. तो कुठे जाणार?

कुठेही जाणार नाही, गुप्त ठेवायचा असतो. नवीन रसायनाच्या औषध चाचणीत, जिथे पेशंट सहज दबावाखाली येऊ शकतो, तिथे संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं आहे, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की समजावलंच नव्हतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांना मात्र फक्त आवाज रेकॉर्ड करतात, चेहरा नाही. नियम करणाऱ्याने लोकांची नजर कशी असते ते ओळखलं होतं म्हणायचं.

१६. आजीला लिहिता-वाचता येत नाही. आणि नातू दहा वर्षांचा आहे. त्यांची सही कोण करणार?

आजीचा अंगठा चालतो, पण फॉर्म वाचून दाखवताना रिसर्चशी संबंध नसलेला एक साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा आणि त्याची सही हवी. त्या डॉक्टरचाच इंटर्न साक्षीदार म्हणून चालत नाही.

नातवाची सही आईवडिलांची, पण सात वर्षांच्या वरच्या मुलाला त्याला कळेल असं सांगून त्याचंही हो घ्यायचं असतं. पोरगं नाही म्हणालं तर नाही. आईवडिलांना हे पटत नाही, "त्याला काय कळतंय" म्हणतात. त्याला सुई कळते ना!

आजीला विसरभोळेपणा असेल तर प्रकरण वेगळं, तिच्या वतीने कायद्याने जवळचा माणूस सही करतो, आणि नाही म्हणायचा तिचा हक्क तरीही राहतो.

१७. तपासणीचं उरलेलं रक्त किंवा गाठीचा तुकडा न विचारता वापरतात का?

कधी कधी, हो. नाव-पत्ता पूर्ण काढून टाकलेला, उरलेला नमुना असेल तर कमिटी संमतीची अट माफ करू शकते. नाव जोडलेलं असेल तर नाही. जास्तीचं रक्त रिसर्चसाठीच काढायचं असेल तर ते 'उरलेलं' नव्हे, तिथे दहावा प्रश्न लागू.

१८. अमुक चाचणी खरी आहे की कुणाची बनवाबनवी, कसं ओळखायचं?

औषध चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीत नोंद लागते, २००९ पासून ती सक्तीची आहे. फॉर्मवर नंबर बघा किंवा मागा, आणि नातवाला नेटवर टाकायला सांगा, फुकट दिसतं. तिथलं इंग्रजी रुक्ष असतं, पण कुठल्या हॉस्पिटलात, किती पेशंट, कुठल्या कमिटीने परवानगी दिली, सगळं असतं. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर आपण उठायचं.

१९. देहदान करायचंय. फॉर्म भरला की झालं का?

नाही झालं. फॉर्म कॉलेजच्या ॲनाटॉमी डिपार्टमेंटला भरता येतो, साक्षीदारांच्या सह्या लागतात, कार्ड मिळतं. पण त्या दिवशी फोन करणार कोण, तर घरचे. त्यांनी नाही म्हटलं तर तुमचं कार्ड पाकिटात राहतं. म्हणून फॉर्म भरण्यापेक्षा मुलांना समोर बसवून सांगणं जास्त महत्त्वाचं. मृत्यू घरी झाला तर डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट, फॉर्म ४ए, लागतं, त्यासाठी ओळखीचा फॅमिली डॉक्टर असलेला बरा.

मुलं पहिल्या दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये उभी राहून त्या देहापुढे शपथ घेतात. मी एकदा दारातून बघितलं, फॉर्मालिनने डोळे चुरचुरत होते त्यामुळे कोण रडतंय आणि कोण नुसतं डोळे पुसतंय ते कळत नव्हतं.

२०. देहदान नाकारतात असं ऐकलं. कधी?

पोस्टमॉर्टेम झालेलं असेल, पोलीस केस असेल, एचआयव्ही किंवा काविळीच्या बी-सी सारखा संसर्ग असेल, उशीर होऊन देह खराब झाला असेल, तर बहुतेक कॉलेजं घेत नाहीत. अवयवदान झालं असेल तरीही सहसा नाही. नेत्रदान मात्र चालतं, पण ते सहा तासांच्या आत, तोवर पंखा बंद, डोळे मिटलेले, वर ओला कापूस. म्हणून एकाच्या भरवशावर राहू नका, घरच्यांना सांगून ठेवा: अवयवदानाची वेळ आली तर ते आधी, नाहीतर नेत्रदान आणि देहदान.

अस्थी परत मिळतात का? सहसा नाही, ही गोष्ट घरात आधी बोलून घ्या, दहाव्याच्या आदल्या दिवशी नाही.

२१. आमच्या मंडळात डॉक्टरांचं व्याख्यान किंवा शिबिर ठेवायचंय. येतील का?

येतात. डीनच्या नावाने अर्ज, विषय पीएसएमचा, मंडळाच्या लेटरहेडवर, निदान महिनाभर आधी. गणपतीच्या आठवड्यात मागाल तर मिळणार नाहीत. मुलांची पथनाट्यं छान असतात, २४ मार्चला टीबीची, १ डिसेंबरला एड्सची.

पण शिबिराबद्दल माझं स्पष्ट मत आहे. एका रविवारी दोनशे जणांचं बीपी मोजायचं, फोटो काढायचा, बॅनर गुंडाळायचं, याला अर्थ नाही. ज्याचं बीपी वाढलेलं निघालं तो सोमवारी कुठे जाणार ते ठरलेलं नसेल तर शिबिर ठेवू नका, त्याऐवजी एकच विषय घेऊन गप्पा ठेवा. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर लेप्टोच्या तापावर ठेवलेल्या, तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात, पायाला जखम असेल तर ७२ तासांत डॉक्टरांकडे जा, एवढा एकच मुद्दा. प्रश्नोत्तरं तासभर चालली, कारण २६ जुलै २००५ ला छातीभर पाण्यातून चालत घरी आलेले निम्मे लोक समोर बसले होते. आणि डॉक्टरांना आधीच सांगा की मराठीत बोला, स्लाइड आणू नका.

२२. मलाही लेपर्सन व्हायचंय. काय लागतं?

डिग्री लागत नाही, डॉक्टर नसणं आणि त्या संस्थेत नोकरीला नसणं लागतं. कॉलेजच्या एथिक्स कमिटीच्या मेंबर-सेक्रेटरीला बायोडेटा द्या, घेतलं तर आधी ट्रेनिंग होतं. मग मीटिंगच्या आधी गठ्ठा घरी येतो, मागच्या वेळी माझ्याकडे आलेला स्वयंपाकघराच्या ओट्यावर मावला नाही, शेवटी गॅसच्या शेगडीवर पाट टाकून त्यावर ठेवला आणि त्या दिवशी खालून वडापाव आणला. वाचायची तयारी असेल तर या. मराठी फॉर्म वाचणारं माणूस कमीच पडतं.